सतरा सिकल, एकोणतीस क्नट आणि दादीचा मेहर

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात हॅग्रिड नावाचा धिप्पाड अंगाचा आणि मऊ मनाचा माणूस अकरा वर्षांच्या हॅरीला जादूगारांच्या बँकेत नेतो आणि तिथली नाणी समजावून सांगतो. सोन्याचा गॅलियन, चांदीचा सिकल, कांस्याचा क्नट. एका गॅलियनचे सतरा सिकल आणि एका सिकलचे एकोणतीस क्नट. वर हेही सांगतो की हिशेब अगदी सोपा आहे!

सोपा कसला? सतरा आणि एकोणतीस या दोन्ही मूळ संख्या. त्यांना दुसऱ्या कशानेच भाग जात नाही. सतरा गुणिले एकोणतीस म्हणजे ४९३, म्हणून एका गॅलियनचे ४९३ क्नट. या ४९३ चे दोन सारखे भाग होत नाहीत, तीन होत नाहीत, चार, पाच, सहा, आठ, दहा, काहीच होत नाही. दोन भावांना एक गॅलियन मिळाला तर एकाच्या हातात एक क्नट जास्त जाणार आणि दुसरा रुसणार. लेखिकेने हे मुद्दाम केलंय, याबद्दल मला शंका नाही. जे. के. रोलिंग यांचा जन्म १९६५ चा. इंग्लंडमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स असत, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. शिवाय एकवीस शिलिंगची गिनी वेगळी. बाहेरच्या माणसाला चक्कर यावी आणि घरच्या माणसाने 'त्यात काय अवघड?' म्हणावं, अशी ती रीत. हॅग्रिडच्या तोंडी तेच म्हणणं घालून लेखिकेने आपल्याच लोकांची गंमत केली आहे.

पण थट्टा करताना एक फरक पडला. जुन्या पौंडाचे २४० पेन्स कुणी वेड्यासारखे ठरवलेले नव्हते. २४० ला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा, सगळ्यांनी भाग जातो. जुनी नाणी वाटणीसाठी होती. रोलिंगबाईंची नाणी वाटताच येत नाहीत. गंमत म्हणून ठीक आहे, पण मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू आणि मराठी शिकवते, आणि वाटणीचा विषय निघाला की आमच्याकडे तो गंमतीचा राहत नाही.

हे सगळं डोक्यात सुरू झालं ते एका ऑफ पिरियडमुळे. गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेले होते आणि सातवीचा वर्ग माझ्याकडे आला. शाळेच्या पुस्तकपेटीत 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे, मराठीतलं. उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठी वाचावं म्हणून मी ते आणलं होतं. एक मुलगी ते वाचत होती. तिने विचारलं, "बाजी, हॅरीने रेल्वेत खाऊ घेतला, अकरा सिकल आणि सात क्नट दिले. त्याने सोन्याचं नाणं दिलं असतं तर सुट्टे किती परत मिळाले असते?"

प्रश्न फळ्यावर लिहिला. ज्या मुलांची गणिताच्या वहीत कायम प्रगती असते त्यांनी लगेच उभी मांडणी केली. सतरा सिकल शून्य क्नट, त्यातून अकरा सिकल सात क्नट वजा. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक सुटा केला, दहा घेतले, दहातून सात गेले तीन. उत्तर पाच सिकल तीन क्नट. सवय इतकी पक्की की सिकल सुटा केला की एकोणतीस मिळतात, दहा नव्हे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बिचाऱ्या हॅरीचे एकोणीस क्नट बुडाले.

बरोबर उत्तर दिलं ते शेवटच्या बाकावरच्या मुलाने. हा मुलगा चाचणीत पस्तीसच्या वर कधी जात नाही. संध्याकाळी तो मामूंच्या किराणा दुकानावर बसतो. त्याने वही उघडलीच नाही. बोटांवर म्हणाला, "सात क्नट झालेत. बावीस टाकले की सिकल पुरा, म्हणजे बारा सिकल. बारावर पाच टाकले की सतरा. पाच सिकल बावीस क्नट." वजाबाकी त्याने केलीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातावर सुट्टे ठेवत नोटेपर्यंत चढत जाण्याची दुकानदाराची रीत त्याने वापरली. जगातले बहुतेक दुकानदार असंच मोजतात. आपण ती रीत शाळेत क्वचितच शिकवतो, आणि जो मुलगा ती घेऊन येतो त्याला कच्चा म्हणतो. बीएडला 'पूर्वज्ञान' या शब्दावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. हे ते पूर्वज्ञान, पस्तीस गुणांचं.

मग मुलांना मजा येऊ लागली. लेखिकेने एका मुलाखतीत एक गॅलियन साधारण पाच पौंडांचा, असं सांगितलं आहे. पौंड शंभर रुपयांच्या आसपास धरला तर गॅलियन पाचशे रुपयांचा झाला. त्याचे क्नट ४९३. म्हणजे क्नट जवळजवळ एक रुपया! आणि सिकल एकोणतीस-तीस रुपये. हे कळल्यावर सगळं जग एकदम ओळखीचं झालं. घुबड वर्तमानपत्र आणून देतं त्याला पाच क्नट, म्हणजे आपल्या पेपरच्याच भावात. हॅरीची जादूची छडी सात गॅलियन, म्हणजे साडेतीन हजार. तिसऱ्या पुस्तकातल्या रात्रीच्या बसचं तिकीट अकरा सिकल, तेरा दिले तर गरम चॉकलेटही मिळतं. "एसटीपेक्षा महाग आहे," असा शेरा एका मुलीने मारला. तिची अम्मी फॉल-पिको करते आणि त्या कामाचा हिशेब ही पोरगी ठेवते.

मुलांना दहाच्या पटीपलीकडचं मोजणं जमत नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. घड्याळ साठाचं, दिवस चोवीसांचा, आठवडा सातांचा. पावणेचारला सुटलेली एसटी सव्वापाचला पोहोचली तर किती वेळ लागला, हे चौथीतलं पोरही सांगतं. केळी डझनाने येतात. अजानची वेळ ते मिनिटाच्या हिशेबाने सांगतात. फक्त पैसा तेवढा शंभराचा झाला, आणि तोही फार जुना नाही.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे नया पैसा आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि तळाशी पै. आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२ पै. बदलाच्या दिवशी मोठी पंचाईत झाली ती आण्याची. शंभर भागिले सोळा म्हणजे सव्वासहा. सव्वासहा नव्या पैशांचं नाणं कुठून आणणार? तक्ता निघाला: एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. एकेका आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीस आणि एकदम घेतली तर पंचवीस. छोट्या व्यवहारात कुणाचं तरी पाव पैशाने बुडत होतं आणि कुणाचं तरी साधत होतं. आणा गेला तरी भाषेतून हलला नाही. 'सोळा आणे खरं', 'चार आण्याची अक्कल', 'पै-पै जोडली', 'दिडकीची किंमत नाही'. पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर व्यवहारातून बाद झालं, तरी आमच्याकडे अजून 'चाराने' म्हणतात आणि पोरांनाही ते कळतं.

माझ्या अब्बांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करावी लागे. थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनचा पाढा. आम्हाला ते ऐकून हसू यायचं. पण सोळा आण्यांच्या जगात पावकी येणाऱ्या माणसाला बाजारात कुणी फसवू शकत नसे. पाव म्हणजे चार आणे, पावाचा पाव म्हणजे एक आणा. पुढेही भाग जात राहतो.

वर्गात मी पुढचा प्रश्न टाकला. एक माणूस वारला. मागे बायको आणि मुलं आहेत. त्याच्या मालमत्तेत समजा एकच गॅलियन आहे. बायकोच्या वाट्याला किती? आमची पोरं मदरशातही जातात, त्यांना हा भाग ऐकून माहीत असतो. मुलं असतील तर बायकोचा आठवा हिस्सा. ४९३ भागिले आठ. भाग जात नाही. एकसष्ट क्नट आणि वर पाच अष्टमांश. "बाजी, मग त्या पाच अष्टमांशाचं काय?" मी म्हटलं, जादूगारांच्या गावात कुणाची तरी बेवा तेवढ्यापुरती बुडणार.

आता हेच रुपयात करून पाहा. फराइजमध्ये, म्हणजे वारसाहक्काच्या हिशेबात, कुरआनने ठरवलेले हिस्से सहा आहेत: निम्मा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. या सगळ्यांना सामावून घेणारी लहानात लहान संख्या चोवीस. आणि १९२ पै म्हणजे चोवीस गुणिले आठ. रुपयाचा आठवा हिस्सा दोन आणे. सहावा हिस्सा दोन आणे आठ पै. तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. सगळे पूर्ण, काही उरत नाही. रुपया-आणा-पै फराइजसाठी बनवलेलं नव्हतं, ते सोळाच्या आणि बाराच्या जुन्या मोजण्यातून आलं. पण गावोगाव जमिनीचे हिस्से आणे-पैत का लिहिले जात, हे कळायला एवढं पुरेसं आहे. हिंदू घरात चार भाऊ चार-चार आण्यांचे वाटेकरी असत, आमच्याकडे आई पावणेतीन आण्यांच्या जरा खाली. शंभर पैशांच्या रुपयात सहावा हिस्सा १६.६६ आणि पुढे सहाच सहा. कागदावर काही बिघडत नाही, कॅल्क्युलेटर आहेच. मनात मात्र 'दोन आणे माझे' जितकं पक्कं बसतं, तितकं '१२.५ टक्के' बसत नाही.

आमच्या मराठवाड्यात याहून एक गुंता जास्त होता. निजामाच्या राज्यात रुपयाच वेगळा होता. त्याच्यावर चारमिनार. त्याला उस्मानिया सिक्का म्हणत, बोलण्यात 'हाली'. इंग्रज सरकारचा रुपया तो 'कलदार'. दोन्हींचे आणे सोळाच, पण भाव वेगळा. ढोबळमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. परभणीहून सोलापूरला जाणाऱ्या व्यापाऱ्याला हिशेब दोनदा मांडावा लागे आणि मधला सराफ आपला बट्टा कापून घेई. 'हाली' या शब्दात 'हाल' आहे, म्हणजे आत्ताचा, चालू. चालू नाण्याचं हे नाव. १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, त्यानंतरही काही वर्षं हाली चालत राहिलं आणि पन्नासच्या दशकात हळूहळू बाद झालं. चालू नाणं बंद पडलं.

माझ्या दादीचा निकाह १९४६ चा. मेहर सव्वापाचशे हाली. निकाहनाम्यात उर्दूत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद घडीवर फाटलेला, तिच्या संदुकेत असे. मेहर मुअज्जल होता, म्हणजे पुढे कधीतरी द्यायचा. आमच्याकडे 'पुढे कधीतरी'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाहीच' असा होतो. नवरा गेला की मय्यत अंगणात असतानाच बायका नव्या बेवेला म्हणतात, माफ कर, त्याला जड नको जाऊ देऊ. रडणारी बाई मान हलवते. एवढं कर्ज त्या एका मान हलवण्यात फिटतं! मेहर हे कर्ज आहे आणि वारसांची वाटणी करण्याआधी कर्ज फेडायचं असतं, हे अंगणात कुणी बोलत नाही.

दादाजी गेले तेव्हा मी पाचवीत होते. दादीने मान हलवली नाही. चाळीस दिवस झाल्यावर तिने संदूक उघडली आणि कागद बडे अब्बांच्या पुढे ठेवला. बडे अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ हिशेब केला. सात हालीचे सहा कलदार, सव्वापाचशेला सात पंचाहत्तर, पंचाहत्तर सक साडेचारशे. साडेचारशे रुपये. त्यांनी नोटा काढून ठेवल्या, वर पन्नास स्वतःच्या खुशीचे. त्या वर्षी साडेचारशेत घरचा महिन्याचा किराणा जेमतेम येत होता.

दादीने नोटांना हात लावला नाही. म्हणाली, "सिक्का मर गया तो मेरा हक बी मर गया क्या?"

तिचा हिशेब वेगळा होता. तिच्या निकाहच्या सुमारास सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होतं. साडेचारशे कलदार म्हणजे चार तोळ्यांच्या वर. तिचं म्हणणं एवढंच की तेव्हा मला चार तोळे द्यायचं ठरलं होतं, आता चार तोळे द्या. बडे अब्बांचं म्हणणं, कागदावर सोनं लिहिलेलं नाही, रुपये लिहिलेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून ते भांडण पाच-सहा महिने चाललं. माझी अम्मी आणि बडी अम्मी स्वयंपाकघरात कुजबुजत. दोघींना आपापल्या निकाहनाम्यातले आकडे आठवत असावेत.

पुढे मोठी झाल्यावर वाचलं की हा प्रश्न फार जुना आहे. तांब्याची नाणी चलनातून बाद झाली तर त्या नाण्यांतलं कर्ज कसं फेडायचं, यावर हनफी इमामांमध्येच एकमत नव्हतं. इमाम अबू हनीफांच्या मते तशीच नाणी तेवढीच परत करायची. त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ म्हणाले, कर्ज घेतलं त्या दिवशीची किंमत धरा. दुसरे शागिर्द इमाम मुहम्मद म्हणाले, नाणं बाजारात चालल्याच्या शेवटच्या दिवसाची किंमत धरा. उस्ताद आणि दोन शागिर्द, तीन उत्तरं. दादीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मोजता येत होतं आणि आपण काय मोजतोय हे कळत होतं. मी आलिमा नाही, फतवा देण्याचा मला अधिकारही नाही. पण त्या घरात बारा शतकांपूर्वीचा वाद चुलीशेजारी बसून चालला होता, एवढं मला नक्की सांगता येईल.

शेवटी तडजोड झाली. कापूस विकल्यावर दोन तोळे. दादीने दोन बांगड्या करून घेतल्या, ईदला घातल्या आणि मग संदुकेत ठेवल्या. समाधानी ती नव्हतीच. बडे अब्बा आले की चहा द्यायची आणि विषय निघाला की म्हणायची, "दो तोले बाकी हैं." मरेपर्यंत माफ केलं नाही. चौदा वर्षं ती बाकी त्या घरात राहिली.

चौथ्या हॅरी पॉटरमध्ये एक प्रसंग आहे. रॉन हा गरीब घरचा मुलगा. दुसऱ्या पुस्तकात त्याच्या घरची तिजोरी उघडते तेव्हा आत चांदीच्या सिकलची छोटीशी रास आणि सोन्याचा एकच गॅलियन असतो. त्याची आई सगळं खरवडून पिशवीत भरते. तर हा रॉन हॅरीचे पैसे हवेतून पडलेल्या सोन्याने फेडतो आणि खूश होतो. ते सोनं लेप्रकॉनचं, काही तासांनी नाहीसं होणारं. महिन्यांनी त्याला हे कळतं, आणि त्याला लागतं ते निराळंच. हॅरीच्या खिशातून एवढं सोनं गेलं आणि हॅरीला पत्ताही नाही, इतका पैसा असणं कसं असेल, असं त्याला वाटतं. मला त्या सगळ्या जादूत हे पान सगळ्यात खरं वाटतं. ज्याच्याकडे एकच गॅलियन असतो त्याला त्याचे ४९३ क्नट तोंडपाठ असतात. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये रात्रीतून पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा गल्लीतल्या बायका डाळीच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून नोटा काढून घेऊन आल्या होत्या. नवऱ्यालाही माहीत नसलेल्या. कुणाकडे किती, हे त्या सहा जणींत उघड करावं लागलं, त्याचं दुःख त्यांना रांगेपेक्षा मोठं होतं.

आणखी एक नाणं सांगायचं राहिलं. आमच्या भागात आणि हैदराबादकडे निकाह पढवताना मेहरच्या रकमेबरोबर 'दीनार-ए-सुर्ख' म्हणतात. इतके रुपये आणि इतके दीनार-ए-सुर्ख. लाल दीनार, सोन्याचा. हे नाणं कुणी पाहिलेलं नाही. माझ्या आईने नाही, तिच्या आईने नाही, आमच्या काझीसाहेबांनीही नाही. त्याचं वजन किती, हे विचारलं तर माणसागणिक उत्तर बदलतं. कुणी म्हणतं बरकतीसाठी म्हणायचं असतं. गॅलियन निदान पुस्तकात तरी आहे, त्याचे सिकल किती ते लिहिलेलं आहे. हा दीनार भर मजलिसमध्ये, साक्षीदारांसमोर कबूल केला जातो आणि तो किती ग्रॅमचा हे नवरी, नवरा, साक्षीदार कुणालाच माहीत नसतं.

वजन ठाऊक असलेली मोजमापं आपल्याकडे नाहीत असं नाही. दोनशे दिरहम चांदी हा जकातीचा निसाब. आपल्याकडचे उलमा तो साडेबावन्न तोळे धरतात, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. वीस दीनार सोनं म्हणजे साडेसात तोळे, ८७.४८ ग्रॅम. त्या काळी वीस दीनार आणि दोनशे दिरहम बरोबरीचे होते, म्हणजे वजनाला वजन धरलं तर सोनं चांदीच्या सातपट. आज ते प्रमाण त्याच्या कित्येक पटींनी पुढे गेलंय, म्हणून दोन निसाबांच्या मधे लाखोंची दरी पडली आहे, आणि जकात कुणावर लागू, हा वाद दर रमजानला नव्याने होतो. तो पुन्हा कधीतरी लिहीन. मेहर-ए-फातिमी पाचशे दिरहम. १३१ तोळे ३ मासे चांदी, एका तोळ्याचे बारा मासे. ग्रॅममध्ये १५३०.९. चांदी स्वस्त होते, महाग होते, पण मरत नाही.

मागच्या वर्षी मामेबहिणीच्या मुलीचा निकाह होता. मुलगी फार्मसी झालेली. तिला मी दादीची गोष्ट सांगितली होती. बैठकीत मेहरची बोलणी निघाली तेव्हा मुलाकडच्यांनी एकावन्न हजार आणि दोन दीनार-ए-सुर्ख असा आकडा काढला. मुलीने आतून निरोप पाठवला: रुपये नको, दीनारही नको, चांदी लिहा, ग्रॅममध्ये. बाहेर थोडा वेळ शांतता. मुलाचे वालिद शिक्षकच आहेत, त्यांनी फोनवर भाव पाहिला, रक्कम काढली, ती एकावन्न हजारांच्या बरीच वर गेली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, ठीक आहे, पण निम्मी आत्ता आणि निम्मी दोन वर्षांत. तसं ठरलं.

काझीसाहेबांच्या छापील रजिस्टरमध्ये मेहरच्या रकान्यात आधीच 'सिक्का-ए-रायजुल-वक्त' छापलेलं होतं, म्हणजे त्या-त्या वेळचं चालू नाणं. काझीसाहेबांनी ते शब्द खोडले, वर बारीक अक्षरात 'नुकरा' म्हणजे चांदी असं लिहिलं, आकडे लिहिता लिहिता थांबले आणि चष्म्यावरून पडद्याकडे बघत विचारलं, "बेटी, पंधराशे तीसच्या पुढचा तो दशांशही लिहायचा का?"

आतून आवाज आला, "जी, लिहा. नऊ."